आजी नेमकी कुठल्या गिरणीत होती? शोधायला मदत हवी आहे

रुईफूल (धागालेखिका)

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, १९९३ साली गेली. ती मुंबईत गिरणीत कामाला होती एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या गिरणीत, हे विचारलं की जो तो वेगळं सांगतो.

आत्या (जन्म १९४७) म्हणते, आजी 'ससुनात' होती. बाबा (जन्म १९५०) म्हणतात, 'इंदू'त. धाकटे काका ठामपणे सांगतात की आजी आधी ससून डॉकवर मासळीच्या कामाला होती आणि नंतर गिरणीत लागली. आमच्या एका नातेवाइकांनी तर वंशावळीत 'पुण्याच्या ससून रुग्णालयात नोकरी' असं लिहून ठेवलंय. आजी पुण्याला कधी गेल्याचं कुणालाच आठवत नाही.

आजोबाही गिरणी कामगार होते, पण दुसऱ्या गिरणीत. 'हिला मीच गिरणीत चिकटवली' असं ते सांगायचे. आजी त्यावर काही बोलायची नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७०च्या आसपास तिने काम सोडलं.

ट्रंकेत सापडलेल्या वस्तू अशा: एक पितळी बिल्ला, त्यावर फक्त नंबर आहे, नाव नाही. युनियनच्या वर्गणीची एक पावती, शाई पार उडालेली. गावी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या काही पावत्या. पगाराचं एक रिकामं पाकीट. शिवाय फंडाची एक पावती आहे, पण ती दुसऱ्याच कुणा बाईची. बाबा म्हणतात शेजारणीची असेल, चाळीतल्या बायका आजीकडे कागद ठेवायला द्यायच्या.

यंदा बाबांना पंचाहत्तरावं लागलंय. लहानपणी आईबरोबर ज्या दारातून आत जायचो ते दार कुठलं, एवढंच त्यांना एकदा बघायचंय. कुठून सुरुवात करू?

काळाचौकी

तुमची आत्या आणि बाबा दोघंही बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. भांडण मिटवून टाका.

'ससून' हे एका गिरणीचं नाव नाही, मालकांचं आहे. आपली म्हातारी माणसं गिरणीचं पाटीवरचं नाव सांगत नसत, मालकाचं किंवा एजंटाचं सांगत. त्याला कारण आहे. गिरणी कंपनीच्या नावावर असली तरी कारभार मॅनेजिंग एजंट पेढीकडे असे. माल, भरती, पैसा, सगळं तिच्या हातात. ही पद्धत १९७० साली कायद्याने बंद झाली. तोवर तीन-चार पिढ्यांच्या तोंडात एजंटाचंच नाव बसलं होतं.

ससून घराणंही एक नव्हे. डेव्हिड ससून यांची मूळ पेढी एक. त्यांचे चिरंजीव एलियास यांनी १८६७ साली वेगळी काढलेली ई. डी. ससून ही दुसरी. ससून डॉक (१८७५) हे पहिल्या पेढीचं काम. मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा समूह दुसऱ्या पेढीचा, आणि त्यातली जेकब ससून ही परळला सुपारीबाग रोडवर. तो रस्ता म्हणजे आजचा डॉ. आंबेडकर रोड. १९४०च्या दशकात ससूननी हा समूह विकला आणि त्याचं नाव झालं इंडिया युनायटेड मिल्स. त्याचं कामगारांनी केलं 'इंदू'. दादरला चैत्यभूमीजवळ बाबासाहेबांचं स्मारक होतंय ती जागा इंदू मिल नंबर सहाची. लालबागचा भारतमाता सिनेमा ज्या जमिनीवर आहे ती एक नंबरची.

म्हणजे आजी जागची हलली नसेल. आत्यांनी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं नाव धरलं आणि बाबांनी त्यांच्या वयाच्या पोरांचं. डॉक आणि रुग्णालय हे मात्र नुसत्या 'ससून' शब्दावरून नंतर चिकटलेलं दिसतं.

रुईफूल (धागालेखिका)

काळाचौकी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. भारतमाताचं नाव येताच ते म्हणाले, 'हो, पलीकडे सिनेमाचं पोस्टर दिसायचं.' हे आजवर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं! तरी आत्ताच हुरळून जात नाही. गिरणगावातल्या कुठल्याही मुलाला तो सिनेमा माहीत असणारच.

साचेवाला

माझे वडील वीव्हिंगला, आमच्या भाषेत साचेखात्यात होते, म्हणून दोन शब्द.

बायका साचेखात्यात जवळपास नसायच्या. वाइंडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळायची, ही त्यांची खाती. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे ते प्रमाण घसरतच गेलं. बायकांवर नायकीण असे. कामाला लावणं, खाडा धरणं, सगळं तिच्या हातात. त्यामुळे गिरणीत शिरायचं तर नवऱ्यापेक्षा आई, मावशी नाहीतर गावची ओळखीची बाई जास्त उपयोगी पडायची. आजोबांचं 'मीच चिकटवली' हे म्हणून जरा पारखून घ्या. आजोबांच्या शब्दावर शंका घेत नाही, पण पुरुषाची ओळख बायकांच्या खात्यात फार चालत नसे.

आणखी एक विचारा. आजी रात्रपाळीला जायच्या का? कायद्याने बायकांना रात्रीचं काम बंद होतं. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात तर संध्याकाळी सात ते सकाळी सहा अशी वेळच घातली होती. कुणाला 'आई रात्री कामावर जायची' असं आठवत असेल, तर ते गिरणीचं काम नाही, दुसरं काही आहे.

रुईफूल (धागालेखिका)

रात्री कधीच नाही. आत्याला भोंग्याआधीची गडबड आठवते, अंधारात स्टोव्ह पेटवायचा आवाज आठवतो, पण संध्याकाळी आजी घरी असायची.

बाबांचं म्हणणं, त्यांना गिरणीतच ठेवायची. एक खोली होती, तिथे पाळणे होते आणि एक बाई दूध द्यायची. असं असायचं का खरंच? की चाळीतल्या बालवाडीची आठवण असेल?

साचेवाला

असायचं. त्याच १९४८च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवणं बंधनकारक केलं होतं. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. बाबांचा जन्म १९५०चा, म्हणजे अगदी त्याच काळातला. त्याआधीच्या पिढीत आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन घरी निजवून जात, हे माझ्या आजीने मला स्वतः सांगितलंय. बाबांची आठवण जपून लिहून ठेवा. खोली कुठल्या बाजूला होती, खिडकीतून काय दिसायचं, सगळं विचारा.

फंडखातं

नोकरीची सगळी वर्षं भविष्य निर्वाह निधीच्या कामात गेली, म्हणून त्या 'दुसऱ्या बाईच्या' पावतीवर अडलो.

फंडाचा कायदा १९५२चा, आणि पहिल्या सहा उद्योगांत कापड होतं. गिरणी कामगारांकडे इतर काही नसलं तरी फंडाचा कागद बहुधा असतो. त्यावरच्या क्रमांकाचे तीन भाग पडतात. आधी प्रदेशाची अक्षरं, मग आस्थापनेचा कोड, शेवटी सभासदाचा क्रमांक. मधला कोड महत्त्वाचा. गिरणीची पाटी बदलली तरी त्यावरून ठाव लागतो. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर कोड किंवा नाव टाकून आस्थापना शोधण्याची सोय आहे, जुन्याही काही सापडतात. मात्र पूर्ण क्रमांक इथे लिहू नका, फोटोही टाकू नका.

आता मूळ प्रश्न. शेजारणीने कागद ठेवायला दिला, ठीक. पण शेजारीण काम सोडताना फंड काढायला तो मागून नेणार नाही का? इतरही बायका कागद देत होत्या म्हणता, मग एकीचाच का राहिला?

माळ्यावरचीपेटी

फंडखातं यांनी अगदी माझ्या मनातलं विचारलं. रुईफूल, आजींचं माहेरचं नाव काय होतं?

आडनाव नाही, पहिलं नाव. आपल्याकडे लग्नात नाव बदलायचे. सासरी आलेली बाई पहिल्या नावासकट नवी होते, आणि दोन पिढ्यांत जुनं नाव पुसलं जातं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आम्हाला तिच्या भावाच्या नातवाकडून कळलं, तेही त्यांच्या घरी आत्याबाई म्हणून तिचा उल्लेख व्हायचा म्हणून.

रुईफूल (धागालेखिका)

तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मला माहीत नाही. बाबांना फोन केला, त्यांनाही माहीत नाही. पंचाहत्तर वर्षांचा मुलगा, आणि त्याला आईचं आई-बापांनी ठेवलेलं नाव ठाऊक नाही. बाबांचा आवाज जरा कापला.

आत्या म्हणाली, मामा आले की 'अक्का' म्हणायचे, दुसरं काही नाही.

पावती पुन्हा काढून पाहिली. १९६१ची आहे. इंग्रजीत टाइप केलेलं बाईचं नाव, त्यापुढे एका पुरुषाचं नाव, आडनाव नाही. ते पुरुषाचं नाव आजोबांचं नाही. गिरणीचं नाव थोडक्यात लिहिलंय, पण 'इंडिया युनायटेड' लागतं, आणि पुढे १ आकडा आहे. दुसऱ्या बाईची म्हणून आम्ही गिरणीचं नावही वाचलं नव्हतं!

काळाचौकी

मस्टरवर बाईचं नाव आणि पुढे नवऱ्याचं नाहीतर बापाचं, एवढंच असे. आडनाव क्वचित. जुन्या कागदांत विवाहितेच्या नावात नवऱ्याच्या नावाआधी 'कोम' किंवा 'भ्रतार' दिसतं, पण टाइप केलेल्या इंग्रजी पावतीत ते गळून पडतं. म्हणून पुढचं नाव नवऱ्याचं की बापाचं हे नुसतं बघून कळत नाही. एकदा मस्टरवर लागलेलं नाव लग्न झालं म्हणून कुणी बदलायला जात नसे. बदलायचं तर अर्ज, साहेब, खाडा. त्यापेक्षा तिकीट नंबर चालू राहिला म्हणजे झालं.

मला वाटतं तुमचं उत्तर त्या पावतीवरच आहे. पण सिद्ध करायला पणजोबांचं, म्हणजे आजींच्या वडिलांचं नाव लागेल.

दप्तरबंद

अभिलेखागारात येणं-जाणं असतं, म्हणून काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते सांगतो. उगाच पायपीट नको.

जनगणनेत शोधायचा विचार असेल तर सोडा. इंग्लंडमध्ये १९२१ची जनगणना २०२२ साली माणसांच्या नावांसकट लोकांसाठी खुली झाली, त्यामुळे इंटरनेटवर सगळे तोच सल्ला देतात. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्यानुसार माणसागणिक नोंदी पाहता येत नाहीत.

मुंबईत पुराभिलेख संचालनालय फोर्टला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे आजींचं नाव शोधू नका, गिरणी शोधा. 'लेबर गॅझेट' १९२१पासून निघत होतं. कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, किती दिवस काम बंद होतं, हे त्यात महिन्यागणिक मिळतं. मिल ओनर्स असोसिएशन (स्थापना १८७५) दरवर्षी गिरण्यांचा तक्ता छापत असे. गिरणीचं नाव, एजंट, सूत कातायच्या चात्या किती, माग किती, सगळं ओळीने. आधीच्या वर्षीचा आणि नंतरचा तक्ता शेजारी ठेवला की कुठल्या पाटीखाली कुठली गिरणी गेली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते या शोधातला हा सर्वांत भरवशाचा कागद. माणसांच्या आठवणी त्याच्यावर घासून बघाव्यात.

पणजोबांच्या नावासाठी मुंबईत नको, आजींच्या माहेरच्या गावाला जा. जमीन होती का? गुंठाभर असली तरी पणजोबा वारल्यावर वारसनोंद झाली असणार. फेरफार बघा, गाव नमुना सहा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. पणजोबा त्यानंतर वारले असतील तर वारसांत मुलीचं नाव यायला हवं. ते सासरच्या नावाने लावलंय की माहेरच्या, हे तलाठ्यापुढे कोण उभं राहिलं त्यावर असतं. भाऊ उभा राहिला असेल तर तुमचं नशीब. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या फेरफाराची नक्कल मिळते. साल अंदाजे तरी कळवा, नाहीतर शोधणाऱ्यालाही अवघड.

माळ्यावरचीपेटी

आत्यांचा जन्म १९४७चा, परळच्या वाडिया प्रसूतिगृहात का? असेल तर महापालिकेची जन्मनोंद काढा. त्यात बहुधा बापाचा धंदा आणि राहण्याचा पत्ता सापडेल. बिल्ला घेऊन रोज किती चालावं लागत होतं ते पत्त्यावरून समजतं.

आणि आजी कधी 'बाळंतपणाचे पैसे' म्हणाल्या होत्या का? मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बायकांना ते १९२९च्या कायद्याने मिळत, ठरावीक महिने नोकरी झालेली असली तर. आत्यांच्या वेळी मिळाले असतील तर त्याच्या बऱ्याच आधीपासून आजी मस्टरवर असल्या पाहिजेत.

रुईफूल (धागालेखिका)

आत्याच्या बारशाला वाटी आणि वाळे 'गिरणीच्या पैशातून' केले, असं आजी सांगायची. मी ते पगारातून समजत होते. वाडियाचंच आहे, जन्मनोंद काढते.

माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. दिवाळीनंतर बाबांना घेऊन जाईन. थोडा वेळ लागेल, धागा विसरू नका.

(चार महिन्यांनंतर)

रुईफूल (धागालेखिका)

मंडळी, सापडलं.

गावी बाबांच्या मामेभावाकडे उतरलो. तो आणि बाबा चाळीस वर्षांनी भेटले. जमीन थोडीच, पण फेरफार निघाला. वारसनोंद १९५९ची, आणि तलाठ्यापुढे भाऊच उभा राहिला होता. वारसांत दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं नाव माहेरचं लावलंय. ते नाव आणि फंडाच्या पावतीवरचं नाव एकच. पुढचं नाव पणजोबांचं.

म्हणजे ती शेजारीण कुणी नव्हती. पावती आजीचीच. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली, तीन मुलं झाली, तरी गिरणीच्या कागदावर ती माहेरच्याच नावाने होती. घरी तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तिकडे पाळी सुरू होताना नंबर घ्यायला ती याच नावाने उभी राहत होती.

पगाराच्या रिकाम्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा मला आधी हिशेब वाटला होता. तो आणि पितळी बिल्ल्यावरचा नंबर एकच आहे.

मामेभावाने आणखी एक सांगितलं, आणि त्याने आमच्या घरातली गोष्टच पालटली. पणजी, म्हणजे आजीची आई, मुंबईत रिळिंगला होती. दुष्काळाच्या वर्षी ती धाकटीला भावांजवळ ठेवून थोरलीला घेऊन बोटीने मुंबईला गेली. थोरली म्हणजे माझी आजी. पणजीनेच तिला नायकिणीकडे नेलं. आजोबांशी लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा ती मस्टरवर लागलेली होती, स्वतः कमावत होती, गावी मनीऑर्डर पाठवत होती. साचेवाला, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात हे ओळखलं होतं.

धाकटी कोण, हे मी विचारलं. ती लहानपणीच गेली. फेरफारात एकच मुलगी आहे ती म्हणून.

दप्तरबंद, तुम्ही सांगितलेले तक्तेही बघितले. आधीच्या तक्त्यात जेकब ससून आणि एजंटांच्या रकान्यात ई. डी. ससून, नंतरच्यात इंडिया युनायटेड. आत्या आणि बाबा, दोघांपुढे दोन्ही झेरॉक्स ठेवल्या. आत्या म्हणाली, 'मी म्हणत नव्हते?' बाबाही तेच म्हणाले.

दप्तरबंद

फार समाधान वाटलं. फेरफाराची नक्कल, पावती आणि पाकीट एकत्र ठेवा, सोबत एका कागदावर तुमच्या हाताने लिहा की हे तिन्ही एकाच बाईचे आहेत आणि ते कशावरून ठरलं. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणी पुन्हा शेजारीण म्हणून पावती टाकून देईल. बिल्ला पॉलिश करू नका.

फंडखातं

पावतीवरची शाई फिकी होत असेल तर लॅमिनेशन अजिबात नको. साध्या कागदात घडी न घालता ठेवा.

काळाचौकी

बाबांना दार दाखवलंत का?

रुईफूल (धागालेखिका)

दाखवलं. गेल्या रविवारी गेलो. आत जाता आलं नाही, बाहेरूनच. बाबा भारतमाताच्या फुटपाथवर बराच वेळ उभे होते. पोस्टर दिसायचं म्हणजे खिडकी कुठल्या बाजूला असेल, हे हाताने मोजत होते. मग रस्ता ओलांडून भिंतीशी गेले आणि म्हणाले, पाळण्यांची खोली आतल्या अंगाला असणार, कारण भोंगा झाला की त्यांना आधी बायकांच्या चपलांचा आवाज यायचा आणि मग आई दिसायची.

परत येताना टॅक्सीत त्यांनी आजीचं माहेरचं नाव दोनदा उच्चारून बघितलं. आत्याच्या नातीला आता मुलगी झाली आहे. बारसं पुढच्या महिन्यात आहे, आत्याने नाव मागून घेतलंय.

साचेवाला, एक प्रश्न उरला आहे. बिल्ल्याच्या मागच्या बाजूला नंबराखेरीज एक छोटी फुली कोरलेली आहे, हाताने केल्यासारखी. ती खात्याची खूण असेल की आजीने स्वतःचा बिल्ला ओळखता यावा म्हणून केली असेल?

साचेवाला

खात्याची खूण साच्यात ठोकलेली असते, हाताने कोरत नाहीत. लिहिता न येणाऱ्या बायका आपल्या बिल्ल्याला अशी खूण करत, माझ्या आईच्या बिल्ल्याला कडेला दोन खाचा आहेत. फुली आजींचीच असावी.